अंगठे पुरुषांचे, घागरी बायकांच्या

मंडळाची आताची मुलं दर दिवाळीला अंक काढतात. यंदा जुन्या माणसांनी आपापल्या कामाबद्दल लिहावं असं त्यांनी ठरवलं, आणि एक मुलगी माझ्याकडेही कोरे कागद ठेवून गेली. मी तिला हो म्हटलं, कारण नाही म्हणायला जास्त बोलावं लागतं. माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. चारचौघांत नाव सांगायचं झालं तरी आवाज घशातच राहतो. तेव्हा कागद भरते आहे, पण ते अंकात जातील असं वाटत नाही. ट्रंकेत लुगड्यांखाली राहिले तरी चालतील. निदान खरं लिहिता येईल.

आम्ही कासार. पनवेलच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान. दुकानात यजमान बसत आणि आजूबाजूच्या गावांत बांगड्या भरायला सासूबाई जात. त्यांचे गुडघे धरले तेव्हा ती गावं माझ्याकडे आली. मंडळ होतं तरुण मुलांचं. स्वातंत्र्याआधी ती प्रभातफेऱ्या काढत. नंतर मुलींचे वर्ग, हुंडाबंदी, जातिभेद अशी कामं अंगावर घेतली. चिटणीस सदानंद मास्तर आमच्या धाकट्या भाऊजींचा मित्र. एकदा तो दुकानात येऊन म्हणाला, "वहिनी, आम्हाला गावात ओटीच्या पुढे कुणी घेत नाही. तुम्ही थेट माजघरात जाता. आमचं थोडं काम कराल का?"

मी यजमानांकडे बघितलं. ते म्हणाले, "तिला बोलायला लावू नका म्हणजे झालं."

लोकांना वाटतं की असं काम म्हणजे भाषणं आणि मोर्चे. ती कामं मुलं करत. माझं काम बांगड्या भरतानाच व्हायचं. बांगडी भरताना बाईचा हात आपल्या हातात असतो, त्यामुळे ती उठून जाऊ शकत नाही, आणि मान खाली घालून बसलेल्या कासारणीला कुणी घाबरत नाही. पहिल्या दोन बांगड्यांना काही बोलायचं नाही. चौथ्या बांगडीला हळूच विचारायचं, थोरली वर्गाला का येत नाही. सून कितीही घाईत असली तरी आधी सासूचे हात भरायचे. सासू बसलेली असताना सुनेला काही विचारायचं नाही. बांगडी फुटली तर फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. एवढं सांभाळलं की गावातलं सगळं कळतं. ते मी मास्तरला येऊन सांगत असे, आणि मास्तर ते वहीत स्वतःच्या भाषेत लिहीत असे. माझं 'सावित्रीची सासू नको म्हणते' हे त्याच्या वहीत 'कौटुंबिक विरोध' होऊन जाई.

सगळीच कामं तडीस गेली असं नाही. एका वर्षी पुष्कळ मुलांनी देवळासमोर हुंडा न घेण्याची शपथ घेतली. पुढच्या वैशाखात त्यातल्या एकाने सासऱ्याकडून सायकल घेतली. हुंडा नाही, भेट आहे, म्हणाला. त्याला मंडळातून काढायचं की नाही यावर तीन बैठका झाल्या. तिन्ही बैठकांना तो त्याच सायकलवरून आला.

मला लिहायचं आहे ते विहिरीचं. पळस्प्याच्या पुढे खाडीकडे उतरलं की एक गाव लागतं, त्याचं नाव लिहीत नाही. वस्ती बहुतेक आगऱ्यांची, भातशेती आणि मिठागरावरची मजुरी. पलीकडे बांधाच्या खाली पूर्वीचा महारवाडा. तिथली घरं नुकतीच बौद्ध झाली होती. गावाच्या आसपासचं पाणी मचूळ. गोड्या पाण्याची विहीर एकच, देवळाजवळ. आणखी एक होती ती आमराईत, पण तिकडे जाऊन यायचं म्हणजे भाताचं आधण उतू जाऊन चूल विझावी एवढा वेळ.

सोना खालच्या वाड्यातली. माझ्याच वयाची, अंगाने काटक, बोलायला तिखट. तिने देवळाजवळच्या विहिरीला हात लावायचा नाही अशी रीत होती. रिकामी घागर घेऊन लांब उभं राहायचं, आणि पाणी भरणाऱ्या एखाद्या बाईला दया आली की ती वरून ओतणार. मिठागरावर सकाळी मुकादम हजेरी घेई, आणि हजेरी संपल्यावर आलेल्या बाईला परत पाठवी. सोना घरात पाणी ठेवून निघायची. ज्या दिवशी कुणी लवकर ओतलं त्या दिवशी काम, नाहीतर घरी. "माझा नशीब देवाच्या हातात नाय, दुसरीच्या पोहऱ्यात हाय," असं ती म्हणे. तिला दुसरं काही नको होतं. उभं राहावं लागू नये, एवढंच.

मंडळाने ही विहीर खुली करायचं ठरवलं. कायदा तेव्हा झालेला होता. मास्तर आणि मुलं गावात तीन-चार वेळा गेली, पाटलाच्या ओटीवर बसली, चहा झाला. पाटील सरळ माणूस. मास्तरांची पोरं शिकलेली आहेत, सरकारचाही हुकूम आहे, मग आपण कशाला आडवं यायचं, असं तो म्हणाला. कागद तयार झाला. पाटलाने सही केली, बाकीच्या पंचांनी अंगठे दिले.

तो कागद मंडळाच्या बैठकीत फिरला. मीही बघितला. सगळे अंगठे पुरुषांचे. मी त्या गावात कितीतरी वर्षं जात होते, आणि एकाही पुरुषाच्या डोक्यावर मी घागर बघितली नव्हती. पाणी बायका आणत. विहिरीवर कुणी कुठे उभं राहायचं ते बायका ठरवत. त्यांच्यातलं एकही माणूस कागदावर नव्हतं. मी दाराशी बसले होते. हे सांगायला हवं असं वाटलं. सगळे शांत झाले तेव्हा मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "चहा आणू का?"

चहा आणला. हे मी अजून विसरलेले नाही.

विहीर खुली करण्याचा समारंभ चांगला झाला. पताका लावल्या होत्या, पाटलाने नारळ फोडला. सोनाने पोहरा सोडला, पाणी काढलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर स्वतः त्यातलं पेलाभर पाणी प्यायला. गावच्या बायका लांब, देवळाच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. ज्या म्हातारीचा शब्द त्या कधी मोडत नसत ती गोमाबाय त्यांच्यात नव्हती, हे मी तेव्हाच बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बायका आमराईच्या विहिरीवर जायला लागल्या. कुणी कुणाला काही बोललं नाही. भांडण नाही, शिवी नाही. सगळ्या घागरींनी वाट बदलली. जाऊन येऊन त्यांच्या माना मोडायला लागल्या, आणि त्याचा राग साहजिकच सोनावर निघाला. आठवडाभर सोनाने त्या विहिरीवर एकटीने पाणी भरलं. मग एका सकाळी विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या काटेरी फांद्या रचलेल्या होत्या. कुणी रचल्या ते कळलं नाही. आमराईवर ती गेली तर तिथे ओतायलाही कुणी तयार नव्हतं. आधी उभं राहून का होईना, पाणी मिळत होतं. मंडळाने तेही घालवलं.

मी गावात गेले तेव्हा सोना घरातच होती. हजेरीला पोचली नव्हती. मचूळ पाणी पिऊन धाकट्या मुलीला जुलाब झाले होते. मुलगी नंतर बरी झाली. मी बाहेर अंगणात पोत्यावर बसले आणि म्हटलं, "मास्तर म्हणतो पोलिसांत तक्रार देऊ. कायदा आहे."

"पोलीस येतील, चहा पितील आन जातील," सोना म्हणाली. "मना हितंच राहाचा हाय."

"मग काय करायचं?"

"तुमी मना इचारता? विहीर उघडाची तवा कोनी इचारला नाय."

ती माझ्या टोपलीकडे बघत होती. आमच्या धंद्याची रीत इथे सांगितली पाहिजे. गावात आम्ही बायकांच्या हातात बांगड्या भरत असू. खालच्या वाड्याला सगळ्यात शेवटी जायचं, लांबून मनगट बघून माप ओळखायचं, बांगड्या पोत्यावर ठेवायच्या आणि मागे सरायचं. त्या बायका एकमेकींना भरत. सासूबाईंनी मला हेच शिकवलं होतं आणि मंडळाचं काम करायला लागल्यावरही मी हेच करत होते. माझी नजर इतकी तयार होती की माप कधी चुकत नसे. त्याचा मला अभिमानही होता.

सोनाने हात पुढे केला. "आदी भरा," ती म्हणाली. "तुमच्या हातानी. मंग पान्याचा बोला."

मी एकदम हात धरला असं लिहिलं तर ते खोटं होईल. आधी मी रस्त्याकडे बघितलं. कुणी नव्हतं. मग धरला. मिठाच्या पाण्याने बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या, बांगडी सरकावी म्हणून लावलेलं तेल त्यात झोंबलं तशी ती जराशी आखडली. हात भरायला कठीण होता, हाडं रुंद, अंगठ्याखालचं मांस दगडासारखं. दोन बांगड्या वाढल्या. लांबून मी तिला सव्वादोनचं माप देत आले होते, आणि हातात धरल्यावर कळलं की अडीच लागतं. इतकी वर्षं ती बाई घट्ट बांगड्या घालत होती आणि बोलली नव्हती.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"लांबून कसा सांगू," ती म्हणाली.

घरी येऊन यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "हात धुतलेस का?" मी म्हटलं, "तेलाचे? धुतले." सासूबाई दोन दिवस माझ्या हातचं जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एकादशी होती, तेव्हा तो प्रश्न आपोआप पुढे गेला.

मग मी गोमाबायकडे गेले. ती त्या गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागतेच. ती धवले गाते, आणि हळद लावण्यापासून सगळे विधी तिच्या गाण्यावर पुढे सरकतात. ती गप्प बसली तर लग्न तिथल्या तिथे थांबतं. गोमाबाय म्हातारी होती, नवरा अंथरुणावर होता, पण गावातली एकही सून तिला उलट बोलत नसे. ती अंगणात सुका जवळा निवडत बसली होती. मीही समोर बसले आणि निवडायला लागले. बोलायचं कसं ते सुचत नव्हतं. तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी परत गेले.

ती म्हणाली, "कासारीनबाय, तुला घरी काम नाय काय?"

"आहे."

"मंग जवला निवडाला पनवेलवरशी येतंस?"

मी म्हटलं, "विहिरीचं बोलायचं आहे."

"त्या मास्तराचा?" तिने जवळ्यातला खडा काढून लांब फेकला. "अंगठे बाप्यांचे घेतले. बाप्यांनी घागर उचललीय काय कवा? माझ्या नवऱ्याला विहीर कनच्या बाजूला हाय ती दाखवावी लागंल."

"चुकलं आमचं," मी म्हटलं. "मला माहीत होतं. मी बोलले नाही."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मी तिच्या घरी इतकी वर्षं जात होते, पण सलग तीन वाक्यं बहुतेक पहिल्यांदाच बोलले होते.

"मना इचारला असता तर मी नायच बोलली असती," गोमाबाय म्हणाली. "पन इचाराला तरी पायजे होता."

"मग आता विचारते."

"आता मी काय सांगत नाय. पाटलाच्या पोरीचा लगीन हाय. चुडा घेऊन ये. बघू."

त्याला तिने होकार म्हटलं नाही आणि मीही तो होकार समजले नाही.

चुडा लग्नाच्या आदल्या दिवशी भरतात. नवरीचा हिरवा चुडा आधी, मग घरच्या बायकांचा, मग गावच्या. जाण्याआधी मी सोनाला विचारलं की माझ्याबरोबर मांडवापर्यंत येतेस का. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती म्हणाली, "मना तिथं उभी करून तुमाना काय दाखवाचा हाय? विहिरीवर केलात तोच तमाशा पुरे." तिचं बरोबर होतं. मी एकटी गेले.

मांडवात बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मी टोपली ठेवली, बांगड्यांच्या माळा सोडल्या. नवरीचा हात धरणार तेवढ्यात तिची आई, पाटलीणबाई, म्हणाली, "कासारीनबाय, एक इचारतो. खालच्या वाड्यात सोनाचा हात तुमी धरलात, ही गोष्ट खरी?"

सगळ्या बायका बघायला लागल्या. नाही म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. बघायला कुणीच नव्हतं, गावात हे कसं पोचलं ते मला आजही माहीत नाही.

"खरी आहे," मी म्हटलं. आवाज लागला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं.

"मंग माझ्या पोरीला तुमी हात लावू नका. उठा."

मी माळा गोळा करायला घेतल्या. काचा वाजत होत्या. दुसरी कासारीण आणायची तर माणूस पनवेलला पाठवायला हवा होता, आणि हळदीची वेळ होत आली होती. पाटलीणबाईला तेही कळत होतं, पण शब्द गेला होता.

गोमाबाय कोपऱ्यातून उठली. पाय ओढत आली आणि नवरीच्या शेजारी माझ्यासमोर बसली. हात पुढे केला.

"मामी, तुमी?" पाटलीणबाई म्हणाली.

"मी नाय तर कोन? सगल्या गावाच्या पोरी मी लगनाला लावल्या. तुझा पन मीच लावला. आता पोरीला चुड्याबिगर मांडवात बसवतंस काय?" मग मला म्हणाली, "भर. आन जरा सांभालून, माझी हाडा जुनी हायत."

मी भरल्या. माझ्या आयुष्यात इतक्या सावकाश मी कुणाच्या भरल्या नसतील. भरून झाल्यावर कासाराला नमस्कार करायची रीत आहे. तिने मोठ्याने चुडा वाजवून नमस्कार केला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मग नवरीने आईकडे न बघता हात पुढे केला.

हळदीचं पाणी आणायची वेळ झाली. पाच जणींनी घागरी उचलल्या आणि आमराईची वाट धरली. गोमाबाय म्हणाली, "तिकरं खय चालल्या? पान्याबरोबर मना धवला गात चालाचा हाय. माझं पाय आमराईपर्यंत जात नाय. देवलाजवलचा आना."

"तिथं काटं हायत, मामी," एक जण म्हणाली.

"ज्यांनी टाकलं त्यांना म्हाईत आसंल कसं काढाचं."

कुणी हललं नाही. गोमाबायने पदर आवरला आणि गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे काय ते मी आधी लिहिलं आहे. बराच वेळ गेला. नवरी हळदीच्या पाटावर तशीच. शेवटी पाटलीणबाईच उठली. ती आणि तिची जाऊ गेल्या, आणि त्यांनी आपल्या हातांनी बाभळीच्या फांद्या ओढून बाजूला केल्या. त्यांच्या हातांना काटे लागले होते, त्यामुळे त्यांच्या बांगड्या मला संध्याकाळी जपून भराव्या लागल्या. त्या दोघींनी भरून घेतल्या. तीन-चार घरांनी घेतल्या नाहीत, आणि त्या घरांत मी पुढे कधी गेले नाही.

लग्न झालं. पाहुणे गेले. देवळाजवळच्या विहिरीवर घागरी परत आल्या, कारण एकदा जवळचं पाणी भरल्यावर लांब कोण जाणार. सोनाही भरायला लागली. पण गावच्या बायकांनी पश्चिमेचा काठ घेतला आणि तिला पूर्वेचा दिला. हे कुठल्या कागदावर नव्हतं. मी सोनाला म्हटलं, हे काही बरोबर नाही. ती म्हणाली, "तुमी बरोबर-चूक मंगशी करा. मना हजेरीला जावाचा हाय." आणि घागर उचलून गेली.

मास्तरने जिल्ह्याच्या अहवालात लिहिलं की विहीर सर्वांना खुली झाली. मी त्याला दोन काठांचं सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, अहवालात तसं लिहिता येत नाही. लोकांचा उत्साह जातो." तो वाईट माणूस नव्हता. त्यानंतर गावात कागद करायचा झाला की तो आधी मला विचारायचा, कुणाला विचारायचं राहिलं. आणि मी खालच्या वाड्याला शेवटी जायचं सोडलं. ज्या बाजूने गावात शिरले त्या बाजूने सुरुवात करायची, कधी वरून, कधी खालून.

पुढच्या हंगामात मी त्या गावात गेले की सोनाला एकच विचारत असे. उशीर झाला म्हणून परत आलीस का? ती नाही म्हणायची. त्याच्या पुढच्या हंगामातही नाही म्हणाली. मग एकदा ती चिडली. "किती येला इचारता? येतो मी हजेरीला." तेव्हापासून मी विचारायचं सोडलं.

मी गावोगाव बांगड्या भरायला जाणं सोडलं, तेव्हाही विहिरीचे काठ दोनच होते.